पलीकडचं वाय-फाय

काकांच्या घरात बिघडलेल्या वस्तूला लगेच हात लावायला बंदी होती. पंखा खरखरू लागला, मिक्सर बंद पडला, नळ गळू लागला, की काका त्या वस्तूसमोर जाऊन उभे राहायचे. दोन्ही हात पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं, मान जराशी पुढे. असे ते पंधरा मिनिटं, अर्धा तास, कितीही वेळ उभे राहत. गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी टेस्टिंगमध्ये काढली होती आणि तिथून निवृत्त होताना हे एक वाक्य घरी आणलं होतं: "हात मागे, डोळे पुढे."

नेहरू नगरातल्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत मी अडीच वर्षं भाड्याने राहिले. मी नागपूरची, भोपाळला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला आले होते. काकांचं घराणं पिढ्यान् पिढ्या उज्जैनचं. लग्न केलेलं नाही. त्यांची मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं. "बेटा, काही बात नाही, पाहून घेऊ," असं ते दिवसातून दहादा म्हणत. आणि मी "मी येऊन राहिले" म्हटलं की तेही हसत. "येऊन राहिलीस म्हणजे आलीस की राहिलीस? एक काहीतरी सांग."

पहिल्या जानेवारीत गिझर बंद पडला. काकांनी तीन दिवस त्याचं निरीक्षण केलं. सकाळी सहाला, दुपारी, संध्याकाळी. दिवा लागतो का, किती वेळाने विझतो, पाणी कोमट होतं की अजिबात नाही. तीन दिवस मी थंड पाण्याने अंघोळ केली. चौथ्या दिवशी त्यांनी झाकण उघडलं, एक तार सरळ केली, झाकण लावलं. सगळी मिळून चार मिनिटं.

"पहिल्याच दिवशी उघडलं असतं तर?" मी चिडून विचारलं.

"तर चार मिनिटांत दुरुस्त झालं असतं," ते शांतपणे म्हणाले. "पण काय बिघडलं होतं ते कळलं नसतं."

वस्तूंच्या बाबतीत एवढा धीर असलेला हा माणूस माणसांच्या बाबतीत मात्र पार घायकुतीला यायचा. मला दोन शिंका आल्या की खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज यायचा. अंगात जरा कणकण आहे असं एकदा फोनवर आईला सांगत होते, तर काका जिना चढून दारात हजर. हातात हेल्मेट. "चल, डॉक्टरकडे. नंतर नाही, आत्ता." दूधवाला एकदा लंगडत आला. काकांनी त्याला बोलू दिलं नाही, भांडंही घेतलं नाही, सरळ मागे बसवून दवाखान्यात नेलं. त्याची चप्पल तुटली होती. डॉक्टरांनी दोघांनाही हसून परत पाठवलं. कोणी जिन्यावर धापा टाकत थांबलेलं त्यांना बघवायचं नाही. स्वतः तर ते कधी नीट बसतच नसत. खुर्चीच्या कडेवर टेकायचे, जेवायचे ते ओट्यापाशी उभ्यानेच, आणि रात्री दाराची कडी लावल्यावर दोनदा पुन्हा येऊन बघायचे. त्यांच्या चालण्याचा आवाज मला वरच्या खोलीत दिवसभर ऐकू यायचा. या घरात कुणीतरी सतत कशाची तरी वाट बघतंय असं वाटायचं.

घर एकच, पण मधोमध भिंत. पलीकडच्या अर्ध्या भागात काकांचा धाकटा भाऊ राहायचा. फाटकं दोन, अंगणं दोन. मी राहायला आले त्या दिवशी काकांनी बोट दाखवून सांगितलं, "पलीकडे माझा धाकटा भाऊ." आणि लगेच पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला लागले. दोघं बोलत नाहीत हे मला आठवड्याभरात कळलं. समोरासमोर आले तर धाकटे काका फोन काढून बघत आणि आमचे काका गुलमोहराकडे.

मी नवा लॅपटॉप घेतला तो मे महिना होता. जुन्याचा पडदा काळा पडला होता आणि माझी मुलाखत तोंडावर आली होती. दुसऱ्या शहरातल्या एका कॉलेजात कायमची जागा निघाली होती. चार वर्षं मी अशा जागेची वाट बघत होते. मुलाखत ऑनलाइन, दुपारी तीनला. लॅपटॉप यायला उशीर झाला आणि तो नेमका मुलाखतीच्या दिवशी सकाळी दहाला दारात आला.

साडेदहाला मी तो चालू केला. वाय-फायच्या यादीत आमचं नेटवर्क दिसलं. त्याचं नाव 'आक्का' होतं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. पासवर्ड घातला. गोल फिरत राहिलं आणि मग उत्तर आलं: या नेटवर्कशी जोडता येत नाही. पुन्हा घातला. पुन्हा तेच. माझा फोन मात्र त्याच नेटवर्कवर मजेत चालत होता.

मी खाली धावले. "काका, वाय-फाय लागत नाहीये. तीनला मुलाखत आहे."

काका वर आले, लॅपटॉपसमोर उभे राहिले आणि त्यांचे हात मागे गेले.

"काका, आज निरीक्षण नको. तीन दिवस नाहीत माझ्याकडे."

"चार तास तर आहेत," ते म्हणाले. पण या वेळी जरा भराभरा कामाला लागले हे खरं. लॅपटॉप बंद करून सुरू केला. जोडणी विसरायला लावून पासवर्ड एकेक अक्षर मोठ्याने वाचत पुन्हा घातला. तारीख आणि वेळ तपासली. मी खोलीत येरझारा घालत होते आणि प्रत्येक चकरेला घड्याळ बघत होते. साडेअकरा. पावणेबारा. हातातल्या मुद्द्यांचे कागद घामाने ओले झाले होते.

"आता फोनचं नेट दे त्याला," काका म्हणाले. मी फोनवरून दिलं. लॅपटॉप लगेच जोडला गेला. पण आमचं घर उतारावर, मोबाइलची एकच दांडी यायची. मैत्रिणीशी व्हिडिओवर बोलून बघितलं, तर तिचा चेहरा दर अर्ध्या मिनिटाला गोठायचा. भोपाळमध्येच कोटऱ्याला तिच्या घरी येऊ का विचारलं, तर तिच्याकडे सासरचे पाहुणे भरलेले आणि मुलाखतीला बंद खोली हवी.

काका मात्र खूश झाले होते. "म्हणजे लॅपटॉप चांगला आहे. तुझा फोन आक्कावर चालतो, म्हणजे आक्का पण चांगली आहे. दोघं अगदी ठीक आहेत. मग त्यांचं आपसात बोलणं का नाही होत?"

एवढं म्हणून ते एकदम गप्प झाले. स्वतःचंच वाक्य ऐकल्यासारखे.

"काका, राउटर बंद करून चालू करू या," मी म्हटलं. "सगळे आधी तेच करतात."

"त्याने काही होणार नाही."

"करून बघायला काय जातं? कुठे आहे राउटर?"

"आत आहे."

"आत कुठे?"

"आत म्हणजे आत, बेटा. तू लॅपटॉप पुन्हा एकदा सुरू कर."

मी पुन्हा सुरू केला. काका खिडकीपाशी गेले, परत आले, चार्जरची वायर सरळ केली, पुन्हा खिडकीपाशी गेले. साडेबारा वाजले. त्यांनी लॅपटॉपच्या खालच्या स्क्रूंचा विषय काढला आणि मग माझा संयम सुटला. मी फोन हातात घेऊन खाली उतरले. सिग्नल बघत बघत त्यांच्या घरात शिरले. स्वयंपाकघरात दोन रेघा. बैठकीत तीन. मधल्या भिंतीला फोन टेकवला तेव्हा सगळ्या रेघा भरल्या.

काका माझ्यामागे येऊन उभे होते.

"काका," मी म्हटलं, "राउटर या भिंतीच्या पलीकडे आहे."

ते खुर्चीवर बसले. कडेवर टेकून नाही, मागे पाठ लावून, नीट. त्यांना तसं बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं आणि मलाच भीती वाटली.

आक्का म्हणजे त्यांची आई. ती होती तेव्हा भिंत नुसती नावाला होती. ती सकाळ इकडे काढायची आणि संध्याकाळ तिकडे. तिला टॅबवर कीर्तनं ऐकायला आवडायचं म्हणून धाकट्याने हे कनेक्शन घेतलं होतं. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ती इकडेच, याच बैठकीत बसली होती. हातातला चमचा खाली पडला. डोकं जड झालंय म्हणाली.

"मी उभा राहिलो तिच्यासमोर," काका म्हणाले. "तुला माहीत आहे कसा. रक्तदाब घेतला. म्हटलं अर्धा तास पाहू, उतरतो का. मग पुन्हा घेतला. म्हटलं आणखी थोडा वेळ. दीड तासाने धाकटा बाजारातून आला, तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. त्याने एकट्याने उचललं तिला." ते थांबले. "तिसऱ्या दिवशी गेली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो मला म्हणाला, तुम्ही आईलाही मशीन समजून बघत उभे राहिलात. त्यानंतर आमचं बोलणं नाही."

मी भिंतीला टेकवलेला फोन खाली घेतला.

"कनेक्शन तसंच राहिलं," ते पुढे म्हणाले. "माझ्या फोनमध्ये पासवर्ड होता. मी वापरत राहिलो. त्याला न विचारता. तीन वर्षं, चोरासारखं. आणि तुलाही देऊन बसलो. दर महिन्याला मला लागतं की आज तो पासवर्ड बदलेल, आज कळेल त्याला." नोकरीत कारखान्याचा एक खिळा कधी घरी न आणलेला हा माणूस माझ्याकडे न बघता हे सांगत होता.

दीड वाजून गेला होता. माझ्या मनात आलं ते चांगलं नव्हतं, पण खरं सांगते: तीन वर्षांचं त्यांचं दुःख मला त्या क्षणी आडव्या आलेल्या म्हशीसारखं वाटलं. मला फक्त तीन वाजता वाय-फाय हवं होतं.

"मी जाऊन विचारते," मी म्हटलं.

"जा. पण माझं नाव नको काढू."

मी पलीकडचं फाटक उघडून बेल वाजवली. धाकटे काका बनियनवर होते, दार उघडून मला बघताच घाईने आत जाऊन शर्ट घालून आले. मी एका दमात सगळं सांगितलं. नवा लॅपटॉप, तीनची मुलाखत, जोडलं जात नाही.

"नाही जोडलं जाणार," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात मी यादी लावली. यादीत नाव असेल त्यालाच आत घेतो तो राउटर. गल्लीतली अर्धी पोरं फुकट क्रिकेट बघत होती." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "दादा कुठे आहेत?"

"घरीच आहेत."

"मग ते का नाही आले?"

मी मागे वळून आमच्या फाटकाकडे बघितलं.

"त्यांना सांगा, लॅपटॉप घेऊन स्वतः या. लगेच जोडून देतो." आवाज कठोर नव्हता. पण दाराच्या चौकटीवर ठेवलेला हात त्यांनी काढला नाही.

मी परत आले. दोन वाजले होते. काकांना निरोप सांगितला. ते उठले, मधल्या भिंतीपाशी गेले, तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी मागे मनगट धरलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी म्हणाले, "काका, प्लीज." मग आणखी काही म्हणणार होते, पण माझा श्वास अडकायला लागला. चार वर्षांतले सगळे नकार एकदम समोर उभे राहिले. मी तिथेच जमिनीवर बसले.

काकांनी मागे वळून बघितलं.

पुढचं इतक्या वेगाने झालं की मला ते तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. त्यांनी मला पाणी दिलं, जिना चढून लॅपटॉप आणला, आणि तो उघडाच छातीशी धरून दाराबाहेर पडले. पायात चप्पल नव्हती. मे महिन्यातल्या दोन वाजताच्या फरशीवरून ते अनवाणी, जवळजवळ पळत, एका फाटकातून बाहेर आणि दुसऱ्या फाटकातून आत गेले. मी चार्जर घेऊन मागे.

धाकटे काका दारातच उभे होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"मुलीची मुलाखत आहे," काका म्हणाले. "तीनला."

"या," धाकटे म्हणाले.

राउटर फ्रिजवर होता. धाकट्या काकांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर त्याचं पान उघडलं आणि ती यादी समोर आली. प्रत्येक यंत्रापुढे त्यांनी ओळखीसाठी नाव लिहिलं होतं. 'माझा फोन.' 'कॉम्प्युटर.' त्याखाली 'दादा – फोन'. 'दादा – टीव्ही'. 'दादांकडची मुलगी – फोन'. 'दादांकडची मुलगी – जुना लॅपटॉप'.

काकांनी यादी वाचली. मग म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी चोरून वापरत होतो."

"चोरून कसं? नावं मीच लिहिलीत." धाकटे काका पडद्याकडेच बघत होते. "नवीन जोडायला लॅपटॉपचा पत्ता लागेल. वाचा."

प्रत्येक यंत्राला कारखान्यातून निघतानाच एक पत्ता मिळालेला असतो, बारा अक्षरा-आकड्यांचा. तो मी माझ्या लॅपटॉपवर काढून दिला आणि काका वाचायला लागले. तीन वर्षांनंतर दोन भावांमध्ये झालेलं पहिलं लांबलचक बोलणं ते हे.

"चार. सी. आठ. डी."

"डी की बी?"

"डी. डमरूचा डी."

"पुढे."

"सात. ए. शून्य..."

"शून्य की ओ?"

"पत्त्यात ओ नसतो, एवढं माहीत नाही तुला?"

"तुम्ही वाचा, शिकवू नका."

बाराही अक्षरं झाली. धाकट्यांनी बटण दाबलं. मी लॅपटॉप जोडून बघितला. नाही जोडला. पावणेतीन वाजले होते. माझ्या तोंडून हुंदका आला. दोघंही एकदम वळले.

"कुठेतरी चूक वाचलीत तुम्ही," धाकटे म्हणाले. "चष्मा कुठे आहे तुमचा?"

"घरी. घाईत आलो."

धाकट्या काकांनी डोळ्यांवरचा स्वतःचा चष्मा काढून दिला. काकांनी तो लावला, लॅपटॉप नाकाशी धरला. "आठ नाही. बी आहे. तिसरं अक्षर बी."

"हद करता दादा तुम्ही. टेस्टिंगमध्ये होतात ना?" आता धाकट्या काकांना चष्म्याशिवाय कळपट्टी दिसेना. काकांनी वाकून त्यांचं बोट धरलं आणि बी वर ठेवलं.

लॅपटॉप जोडला गेला. कोपऱ्यातल्या तीन रेघा पांढऱ्या झाल्या. दोन वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

मी लॅपटॉप घेऊन वर माझ्या खोलीत धावले आणि मुलाखत झाली. काय विचारलं, काय बोलले, आता आठवत नाही. एवढं आठवतं की पूर्ण वेळ खालून चालण्याचा आवाज येत नव्हता. ती जागा मला मिळाली नाही. प्रतीक्षायादीत नाव लागलं आणि तिथेच राहिलं. वर्षभराने दुसरीकडे मिळाली.

मुलाखत संपवून मी खाली आले, तर दोघं पलीकडच्या पायऱ्यांवर बसलेले. धाकटे काका बोलत होते. मला बघूनही थांबले नाहीत. बहुधा थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं होतं," ते म्हणत होते. "म्हणाले, मेंदूत फार मोठा रक्तस्राव आहे. लगेच आणलं असतं तरी काही करता आलं नसतं. मी ते ऐकून बाहेर आलो आणि पायऱ्यांवर तुम्हाला ते बोललो. ऐकल्यानंतर बोललो, दादा. मला कुणावर तरी ओरडायचं होतं. मग दुसऱ्या दिवशी सांगेन, तेराव्याला सांगेन असं करत राहिलो. नंतर तोंड नाही झालं."

काका उठले. काही न बोलता फाटकातून बाहेर पडले, आपल्या घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पुढचे आठ दिवस ते त्या भावाशी बोलले नाहीत. या वेळी अबोला त्यांचा होता. धाकटे काका रोज संध्याकाळी आपल्या फाटकात येऊन उभे राहत. माझ्याकडे बघून भुवई उंचावत. मी मान हलवायचे. घरात काका चालत होते, बसत होते, पुन्हा चालत होते. मला वाटलं, मी लॅपटॉपपायी हे काय करून बसले.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी मला चहा दिला आणि आपणहून बोलले.

"माझं म्हणावं तर सोपं होतं, बेटा. मला लागत होतं की मी आईला मारलं. वाईट होतं, पण सरळ होतं. खाल्लं, झोपलो, उठलो, पुन्हा तेच. त्याला बघ. तीन वर्षं त्याला रोज ठरवावं लागलं असेल की आज सांगू की नको. भिंतीपलीकडे मी चालतोय ते ऐकू येत असेल त्याला." त्यांनी कप खाली ठेवला. "रागावलोय मी त्याच्यावर. चांगलाच रागावलोय. पण राग करायचा तर तोंडावर करायचा, इथे बसून काय?"

आणि ते गेले.

मी वर खोलीत येऊन पेपर तपासायला बसले. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून आवाज यायला लागले. आधी एकाचाच, चढलेला. मग दुसऱ्याचा. काय बोलत होते ते कळत नव्हतं. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मी हातातला पेन खाली ठेवला. नंतर भांड्यांचा आवाज आला, फोडणीचा वास आला, आणि आवाज पुन्हा चढले. या वेळी शब्द स्पष्ट ऐकू येत होते. आक्का आमटीत चिंच घालायची की आमसूल, यावर दोघं तावातावाने भांडत होते. धाकटे म्हणत होते चिंच, आयुष्यभर चिंच. काका म्हणत होते की तुला कुठून माहीत असणार, तू तर ताटावर शेवटी यायचास.

खिडकी लावून घ्यावी म्हणून मी उठले. पण न लावताच तिथे उभी राहिले.